टोपी काढून विचारलेला रस्ता

१४ ऑगस्ट, सोमवार

वेन्डल पडला. शिडीवरून. सत्तरी उलटलेल्या माणसाने छपराची पन्हळ साफ करायला वर चढायचं कशाला? पण वेन्डल क्रूसला कोण सांगणार! खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता थंडी पडेपर्यंत गावातल्या त्या पिवळ्या शुश्रूषागृहात पडून राहायचं.

म्हणजे खटल्यात साक्ष द्यायला तो नाही. शिकारी क्लबाचा तोच मुख्य साक्षीदार. गोळ्यांच्या गुंगीतच मला म्हणाला, "आता तुलाच उभं राहावं लागेल, आर्लिस. त्या रस्त्याने तुझ्याइतकं आणि ऑरिनइतकं कुणी गेलेलं नाही."

मी हो म्हटलं. त्या घटकेला नाही कसं म्हणणार?

भांडी घासताना खिडकीतून पठार दिसतं. आजही दिसत होतं, वर थोडा वणव्याचा धूर. सगळं पठार सरकारी. म्हणजे कुणा एकाचं नाही, तुमचं-आमचं. एल्क हरणं मारायला, बीव्हरच्या तळ्यातले ट्राउट मासे धरायला कुणीही जावं, कायदा तसंच म्हणतो. फक्त जायचं कुठून, ते सांगत नाही. तिन्ही बाजूंनी कडे, आणि चौथ्या बाजूचा एकुलता एक कच्चा रस्ता होवलंडांच्या गुरांच्या रँचमधून जातो. म्हातारा एनार होवलंड होता तोवर कुणाच्या मनातही आलं नाही की हा रस्ता कुणाचा. एनार गेला. त्याच्या बायकोने, सेल्माने, रँच बाहेरच्या माणसाला विकली. त्याने लोखंडी फाटक बसवलं. तीन वर्षं कुलूप आहे, म्हणून क्लबाचा हा खटला.

माझा नवरा ऑरिन फाटक बसण्याच्या आदल्या वसंतात गेला. फाटक पाहिलं नाही त्याने, तेवढं बरं झालं.

१५ ऑगस्ट

कोर्टात काय घालून जायचं? चर्चचा निळा पोशाख कमरेत बसत नाही.

२२ ऑगस्ट

क्लबाच्या वकीलबाईंचा फोन. मिस पॅक्स्टन. आवाजावरून माझ्या धाकटीपेक्षाही लहान वाटतात. गाडी चालवत बोलत होत्या, घाटात आवाज तुटत होता.

किती वर्षं जात होतात? लग्नाच्या वर्षापासून, म्हटलं, चाळीस तरी. कुणी कधी अडवलं? कधीच नाही. फाटक होतं? गुरांसाठी तारेचं होतं, उघडायचं, मागे लावायचं. छान, म्हणाल्या. एवढंच सांगायचं. विचारतील तेवढंच उत्तर, वर एक शब्द नाही.

मी म्हटलं, मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, मला कमी बोलता येतं. त्या हसल्या. आणखी काहीतरी विचारत होत्या, तेवढ्यात फोन गेला. परत आला नाही.

३ सप्टेंबर

चोकचेरी पिकल्या. ओढ्याकाठी सकाळभर तोडल्या. अस्वल येऊन गेलेलं दिसलं, फांद्या मोडल्या आहेत. दोन बादल्या भरल्या. बोटं जांभळी, जीभ तुरट. दुपारी जेली केली. बारा बाटल्या. जमली नाही, या वेळीही पातळच! काकवीसारखी ओघळते.

जेली केली की सेल्माची आठवण येतेच. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी मोठ्या हौसेने बाटली नेली होती तिच्याकडे. तिने चमचा वर धरला, खाली गळणारी धार बघितली आणि म्हणाली, "छान आहे. पॅनकेकवर ओतायला बरी." चर्चच्या चार बायकांसमोर! त्यानंतर मी तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. दरसाल हंगामाच्या पहिल्या दिवशी होवलंडांच्या अंगणात आमची पिकअप थांबायची, ऑरिन उतरायचा आणि मी गाडीत. आधी मुलांचं निमित्त होतं, मग कुत्र्याचं. शेवटी निमित्तही लागेना. ऑरिन विचारायचा, येतेस? मी म्हणायची, तू ये जाऊन.

काचेतून बघायची. ऑरिनची केशरी शिकारी टोपी दाराशी जायची. दार उघडायच्या आत ती डोक्यावरून उतरायची आणि ऑरिन ती छातीशी धरून आत जायचा. मला किती अभिमान वाटायचा! रानात जायला परवानगी मागणारा माणूस असा असावा. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर. काय म्हणाला एनार? — "कॉफी चांगली होती." एवढंच. ऑरिनकडून जास्त शब्द काढायचे म्हणजे सांडशी लागायची. मग फाटक उघडायला मी उतरायची आणि वर निघायचं.

परतताना एल्क मिळालं असेल तर पाठीचं कोवळं मांस एनारच्या ओट्यावर ठेवून यायचं. आमची रीतच तशी.

६ सप्टेंबर, बुधवार

कोर्ट.

हिरवा पोशाख घातला. मिस पॅक्स्टननी सांगितल्याप्रमाणे कमी बोलले. किती वर्षं, कुणी अडवलं का, सगळं सरळ झालं. वेन्डलची जागा रिकामी होती, बाकी क्लबाचे सगळे होते. मालकही होता, मिस्टर हॅलोरन. मला वाटलं होतं शिंगं असतील. साधा चष्मेवाला माणूस.

मग त्यांचा वकील उठला. पांढरे केस, मऊ आवाज. मला म्हणाला, बाई, तुम्ही जुन्या वळणाच्या दिसता. मी म्हटलं, आहेच. म्हणाला, मग दुसऱ्याच्या अंगणातून तुम्ही अशाच गाडी घालून निघून जात असाल, हे काही मला पटत नाही.

इतका राग आला मला! आम्ही काय मोकाट गुरं?

"मुळीच नाही," मी म्हटलं. "दरसाल विचारून जायचो आम्ही. माझा नवरा टोपी काढून दारात जायचा."

"आणि मिस्टर होवलंड परवानगी द्यायचे?"

"दरसाल. एकदाही नाही म्हणाले नाहीत."

त्याने माझे आभार मानले. अगदी वाकून. मिस पॅक्स्टन पुन्हा उठल्या, चेहरा पांढरा. त्यांनी विचारलं, ते बोलणं तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं का?

"ऐकायची काय गरज?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला मी ओळखत होते."

न्यायाधीश गालात हसले. मलाही वाटलं, काय छान बोलले मी. येताना गाडीत तेच वाक्य दोनदा म्हणून बघितलं.

७ सप्टेंबर

क्लबातून कुणाचाच फोन नाही.

१० सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर वेन्डलकडे गेले, बटाट्याचं कॅसरोल घेऊन. त्याने डबा उघडलासुद्धा नाही.

"तू विचारायचीस?" म्हणाला.

मी म्हटलं, विचारणारच! माणसं आहोत आपण.

वेन्डलने मग एखाद्या पोराला समजावावं तसं सांगितलं. न विचारता, उघडपणे, आपला हक्क असल्यासारखं वर्षानुवर्षं गेलं तर रस्ता सगळ्यांचा होतो. तो मालकाच्या हातात राहत नाही. पण विचारून गेलं तर ती त्याची मेहेरबानी. मेहेरबानी चाळीस वर्षं चालली काय आणि चार दिवस चालली काय, नव्या मालकाने बंद म्हटलं की बंद.

"म्हणजे उर्मटपणे गेलो असतो तर रस्ता मिळाला असता?"

"मी जायचोच ना तसा."

"आणि एनारने हटकलं असतं तर?"

"बाजूला हो म्हटलं असतं."

हसू यायला हवं होतं. मी खुर्चीवर बसले ती उठेचना. वेन्डल म्हणाला की वकीलबाईंना त्याने सांगून ठेवलं होतं — इथे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून त्यांनी मला ते विचारलंच नाही. किंवा घाटात फोन तुटला तेव्हा तेच विचारत असतील.

अख्ख्या जिल्ह्यात त्या एका दिवशी कोर्टात उभं करायला एक उर्मट माणूस हवा होता आणि तो शिडीवरून पडला.

निघताना त्याच्यापासून चौथ्या खोलीवर नाव दिसलं. कागदी सूर्यफुलावर चिकटवलेलं — सेल्मा होवलंड. दार अर्धं उघडं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती कुणाशी बोलत नाही, असं गावात म्हणतात. मी तोंड फिरवून निघून आले. हे सगळं हिनेच तर केलं! रँच विकली नसती तर कोर्ट कशाला, नि मी कशाला?

२७ सप्टेंबर

निकाल. हरलो.

मिस पॅक्स्टननी फोनवर वाचून दाखवला. दोन पानं माझ्याच साक्षीवर आहेत. 'सुसंस्कृत आणि विश्वासार्ह साक्षीदार' म्हटलंय मला. रस्ता परवानगीने वापरला जात होता, सबब तो खाजगी.

सुसंस्कृत! आई असती तर हा कागद तिने चौकटीत लावला असता.

२८ सप्टेंबर

झोप नाही. तळं डोळ्यांपुढे येतं. सप्टेंबरात बीव्हरच्या तळ्यातले ट्राउट पोटाला केशरी होतात. थोरलीने पहिला मासा तिथेच धरला आणि गळ माझ्या कानात अडकवला, भोक अजून आहे.

२९ सप्टेंबर

वकीलबाईंचा पुन्हा फोन. बिचारी रागावलेली नाही, तेच जास्त लागतं. खटला पुन्हा उभा करता येईल, म्हणाल्या, पण नवा साक्षीदार हवा. त्या दारात ऑरिन आणि एनार काय बोलायचे हे प्रत्यक्ष ऐकलेलं कुणीतरी. कदाचित तुमच्या यजमानांनी दरसाल विचारलं नसेल? कदाचित होवलंड वेगळं काही म्हणाले असतील? मुदत तीस ऑक्टोबरपर्यंत.

मी म्हटलं, बाई, दोघंही मेले. आणि ऑरिन विचारायचाच. मी टोपी बघितली आहे.

मिसेस होवलंड? त्यांनी विचारलं.

ती बोलत नाही, मी म्हटलं. सगळ्या गावाला माहीत आहे.

५ ऑक्टोबर

किराणा दुकानात क्लबाची तिघंजणं. मी जवळ जाताच काडतुसांचे भाव बोलायला लागली. एकाने पिशवी गाडीपर्यंत आणून दिली, फार अदबीने. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वेन्डलकडे दर रविवारी जाते. तो डबा उघडतो आता. खटल्याचं काढत नाही. सेल्माचं दार दर वेळी अर्धं उघडं. गेल्या रविवारी आतून कप ठेवल्याचा आवाज आला.

१२ ऑक्टोबर

मिस्टर हॅलोरनचा फोन! स्वतः. म्हणाले, मिसेस ट्वाइट, तुम्ही कोर्टात जे बोललात ते माझ्या मनात राहिलंय. मी काही माणूसघाणा नाही. लोक न विचारता घुसायचे, बाटल्या टाकायचे, एकाने वासरू मारलं माझं, म्हणून कुलूप लावलं. तुमच्यासाठी फाटक कायम मोकळं. कुलपाचे आकडे लिहून घ्या. फक्त वर जाण्याआधी एक फोन करत जा.

मी आकडे लिहून घेतले. आणि आभार मानले.

आभार मानले! तोंडात तेच बसलंय, काय करू? फोन ठेवल्यावर ओट्याला धरून उभी राहिले. आपल्याच जमिनीवर जायला एकटीला परवानगी, आणि वर आभार.

आकड्यांचा कागद फाडायला घेतला. फाडला नाही. फाडला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस. गेले.

पहाटे फोन केला, ते म्हणाले जरूर जा. ऑरिनची बंदूक घेतली, त्याची केशरी टोपी घातली, माझी सापडेना. रात्री बर्फ भुरभुरलं होतं. फाटकाशी आकडे दाबले आणि ते आपोआप सरकलं, मला उतरावंही लागलं नाही. होवलंडांच्या अंगणात नवं घर आहे, काचेचं. सवयीने गाडी थांबली. कुणासाठी थांबले ते कळेना, मग निघाले.

वर चिटपाखरू नाही. पूर्वी पहिल्या दिवशी पठारावर गाड्या असायच्या, कुणाचा थर्मास, कुणाची पोरं, कुणाचं कुत्रं माझ्या सँडविचवर. आज माझ्या चाकांची तेवढी खूण. तळ्याच्या वरच्या अंगाला एल्क उभे होते, सगळा कळप, दुपारच्या उन्हात, निवांत. तीन वर्षांत माणूस विसरलेत. एक भरदार मादी माझ्याकडे बघत राहिली, पळेना. इतक्या जवळून माझ्या नातवंडाचाही नेम चुकला नसता.

बंदूक उचलली, खाली केली. डोळे भरले होते, नेम कसला धरणार? दगडावर बसून सँडविच खाल्लं आणि परत आले.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला पिकअप उभी. क्लबाचे दोघे, दुर्बिणीतून पठार बघत होते. फाटक माझ्या मागे आपोआप बंद झालं. त्यांनी टोपीला हात लावून नमस्कार केला.

२२ ऑक्टोबर

वेन्डलला बातमी आधीच पोचली होती. मी खुर्ची ओढली तर म्हणाला, "बसा राणीसाहेब. फाटक आपोआप उघडतं म्हणे?"

मी रडले. त्याच्यासमोर कधी रडले नव्हते. तो गडबडला, कॅसरोल माझ्याच हातात द्यायला लागला. मग म्हणाला, "अगं, मला दिले असते ना ते आकडे, तर मीही गेलो असतो. आणि तुझ्यासारखा रिकामा परतलो नसतो."

घरी आल्यावर आकड्यांचा कागद चुलीत टाकला. उशीर केला, पण टाकला.

३० ऑक्टोबर

मुदत संपली. मिस पॅक्स्टनचा फोन नाही. कशाला करतील?

४ नोव्हेंबर

वेन्डल घरी आला. त्याला सोडायला गेले होते. त्याचं सामान नेताना परिचारिका म्हणाली, आता तुम्ही येणार नाही, मिसेस होवलंडना चुकल्यासारखं होईल. रविवारी तुमची पावलं ओळखतात त्या, म्हणतात आज आर्लिस आली.

म्हणतात? मी विचारलं. बोलतात त्या?

परिचारिका म्हणाली, सावकाश बोलतात, पण न बोलायला काय झालं? कुणी येतच नाही त्यांच्याकडे, रँच विकल्यापासून.

फळीवर जेलीच्या बाटल्या आहेत. उद्या एक नेते.

५ नोव्हेंबर, रविवार

सेल्माने चमचा वर धरला. धार बघितली. "अजून पातळच," म्हणाली. दोघी हसलो.

मी म्हटलं, ऑरिन किती नम्रपणे विचारायचा नाही एनारला, टोपी काढून?

"विचारायचा? काय?"

रस्ता.

तिला एकेक शब्द शोधावा लागत होता. "पहिल्या वर्षी विचारलं. एनार भडकला. म्हणाला, रस्ता माझ्या बापाचा नाही, सगळ्यांचा आहे. पुन्हा विचारलंस तर कॉफी नाही. मग नाही विचारलं त्याने. नुसती कॉफी प्यायचे."

आणि टोपी?

"माझ्या स्वयंपाकघरात टोपी कुणालाच चालत नसे."

तिने माझा हात धरला. "मी दरसाल तुझाही कप मांडायची," म्हणाली. "तू गाडीतच का बसायचीस गं?"